काना-मात्रेचा गुन्हा

सनिय्या अब्लांना घाबरत नाही असा माणूस आमच्या इमारतीत नव्हता, आणि त्यांना चहाला बोलावत नाही असं घरही नव्हतं. शाळा सोडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी लहानमोठे सगळे त्यांना अब्लाच म्हणायचे. आमच्याकडे शाळेतल्या बाईंना अब्ला म्हणतात. माझ्या दोन्ही मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. माझं नाव मुतवल्ली, मी लाकडावर नक्षी कोरतो. इजिप्तमधल्या आमच्या दुमयात गावात हे सांगण्यासारखं काही नाही, इथे दगड भिरकावला तर तो सुतारालाच लागायचा. माझं दार अब्लांच्या दारासमोर. म्हणून पुढचं सगळं मला घरबसल्या पाहायला मिळालं. पोलीस ठाण्यातलं तेवढं बाकावर बसून.

अब्ला मूळच्या समुद्राकडच्या. वडील होड्या बांधायचे. बाईंचा आवाज होडीवाल्यांचा, नदीच्या या काठावरून त्या काठाला जाईल असा. लग्न झालं, पण नवरा लवकर गेला; मूलबाळ नाही. मुलींच्या शाळेत त्यांनी अरबी शिकवली. एकदा एका बड्या घरच्या मुलीला पास करा म्हणून वरून सांगणं आलं. अब्ला म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पुढच्या वर्षी आपणहून पास होईल. त्यांची बदली तळ्यापलीकडच्या एका खेड्यात झाली. दोन वर्षं त्या खचाखच भरलेल्या मिनीबसमधून जात-येत राहिल्या, आणि ती मुलगी पुढच्या वर्षी खरोखरच पास झाली. हे त्या कधी फुशारकीनं सांगत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, तिकडचं चीज चांगलं असायचं.

त्यांचं एक वेड मात्र गावाला ठाऊक होतं. आमची लिपी जरा आळशी आहे. रोजच्या लिहिण्यात आम्ही नुसती अक्षरं मांडतो; काना, मात्रा, वेलांटी वाचणाऱ्यानं मनातून भरून घ्यायची. ‘मदरसा’ म्हणजे शाळा आणि ‘मुदर्रिसा’ म्हणजे मास्तरीणबाई, कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. खुणा आहेत, नाहीत असं नाही. अक्षराच्या डोक्यावर, पायाशी देता येतात, आणि जोडाक्षरासारखं दुप्पट म्हणायचं असेल तर शद्दा नावाची खूणही आहे. पण कुराणात आणि पहिलीच्या पुस्तकात सोडून त्या देतो कोण? अब्ला द्यायच्या. मासेवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी सगळ्या खुणांनिशी. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, “मुतवल्ली, तू खुर्ची पॉलिश न करता गिऱ्हाइकाकडे पाठवतोस का? मग मी माझी अक्षरं उघडी का पाठवू?”

आता कंपनीचं सांगतो. आमच्या वसाहतीच्या फाटकापाशी एक खोली आहे. तिथे गाबिर नावाचा म्हातारा बसायचा. पंप बंद पडला, नळ तुटला, लिफ्ट अडकली की गाबिरला सांगायचं. तो आधी शिव्या द्यायचा, मग माणूस पाठवायचा. पुढे वसाहतीच्या कमिटीनं देखभालीचं काम एका कंपनीला दिलं. कंपनीचे व्यवस्थापक उस्ताज़ शुक्री, म्हणजे शुक्रीसाहेब. गृहस्थ गोड बोलायचे, अत्तर लावायचे. त्यांनी गाबिरला घरी बसवलं आणि त्याच्या जागी यंत्र आणलं. यंत्र म्हणजे दिसायला काहीच नाही, मोबाईलमधला एक नंबर. नाव ठेवलं ‘अला रासी’, म्हणजे आज्ञा शिरसावंद्य. आपण मेसेज लिहायचा. शिकवून तयार केलेलं ते यंत्र तो वाचणार, कशाची तक्रार आहे ते ओळखणार आणि नळवाल्याला, वीजवाल्याला वर्दी देणार. फोन केला तरी उचलणार तेच, आपलं बोलणं अक्षरांत उतरवून घेणार.

खोटं कशाला बोलू, पुष्कळदा ते चांगलं चालायचं. आमचा पंप बिघडला तेव्हा माणूस तासाभरात आला आणि शिव्याही खाव्या लागल्या नाहीत.

मग अब्लांच्या न्हाणीघराचं छत गळायला लागलं. वरच्या मजल्यावरचा पाईप फुटला होता. मीच त्यांना म्हटलं, ‘अला रासी’ला लिहा, पण सगळे लिहितात तसं साधं लिहा, नाहीतर उगीच वेळ जाईल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं. खुणांशिवाय लिहिलं, की वरून पाणी येतंय, माझं न्हाणीघर खराब होतंय, लवकर बंदोबस्त करा.

आता न्हाणीघराला आम्ही म्हणतो हम्माम, आणि कबुतरांना म्हणतो हमाम. खुणा काढल्या की दोन्ही एकच. माणूस कधी चुकत नाही, कारण पाणी गळतंय म्हटल्यावर कबुतरं कुठून येणार. यंत्र चुकलं. उत्तर आलं, “कबुतरांबद्दलची आपली तक्रार मिळाली. तातडीनं कारवाई होईल.” आणि कारवाई खरोखर झाली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस गच्चीवर गेला आणि उम्म वहीदच्या मुलाच्या खुराड्यावर नोटीस डकवून आला.

उम्म वहीद, म्हणजे वहीदची आई, पाचव्या मजल्यावर राहते. बाई अंगानं भारी, मनानं हलकी आणि जिभेनं तिखट. ती जिन्यातूनच ओरडत खाली आली. “अगं सनिय्या, माझ्या पोराच्या कबुतरांनी तुझं काय खाल्लं? मला सांगायचं होतंस, दोन भाजून पाठवली असती.” अब्लांनी तिला आत नेलं, गळकं छत दाखवलं, मोबाईलवरचं उत्तर दाखवलं. उम्म वहीदनं सगळं पाहिलं आणि म्हणाली की यंत्राला अक्कल नसेल, पण नोटिशीवर नाव तुझं आहे. आणि तरातरा निघून गेली. दोघींचं बोलणं बंद झालं.

अब्लांनी पुन्हा लिहिलं, कबुतरं नाहीत, न्हाणीघर; खुणांशिवाय दोन्ही शब्द सारखेच. यंत्राचं उत्तर आलं, “क्षमस्व. आपलं म्हणणं समजलं नाही. कृपया अधिक स्पष्ट लिहा.”

ते वाचून बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी माझ्या मुलींच्या परीक्षेच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, “स्पष्ट हवंय ना? देते.”

चष्मा लावून त्या खिडकीशी बसल्या. मोबाईलवर प्रत्येक खुणेसाठी बोट दाबून धरावं लागतं. त्यांनी दाबून धरलं. एका अक्षराची खूण सोडली नाही. जिथे अक्षर दुप्पट होतं तिथे शद्दा, शद्देवर पुन्हा स्वराची खूण. स्वतःचं नाव, हुद्दा, मजला, पाईप, ओल, प्लास्टर, कबुतरांचा संबंध नसल्याचा खुलासा, आणि शेवटी व्याकरणशुद्ध विनंती. सकाळ त्यात गेली. मेसेज पाठवला आणि मला हाक मारून दाखवला. मी म्हटलं, अब्ला, हा भिंतीवर कोरण्यासारखा आहे.

उत्तर आलं नाही. आणि वसाहतीत कुणालाच कसलंही उत्तर येईनासं झालं.

त्याच दुपारी उम्म वहीद बाजारातून परतताना लिफ्टमध्ये अडकली. तिनं आतून फोन लावला. “आपण रांगेत आहात, कृपया थांबा.” थांबली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिनं शेवटी फोन सोडून दारं बडवली तेव्हा आम्हाला कळलं. मी कारखान्यातून लोखंडी पहार आणली, तीन शेजाऱ्यांनी मिळून दार ओढलं आणि घामानं न्हालेली उम्म वहीद टोमॅटोच्या पिशवीसकट बाहेर निघाली. तिला दम्याचा त्रास. बराच वेळ ती पायरीवर बसून नुसती श्वास घेत होती. कुणालाही एका शब्दानं बोलली नाही, तेव्हा मला भीती वाटली.

संध्याकाळी यंत्र परत सुरू झालं. अब्लांना उत्तर नव्हतंच. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मेसेज परत पाठवला. यंत्र परत बंद. पुढच्या दिवशीही तेच. नंतर त्यांचा नंबरच बंद करण्यात आला, आणि उस्ताज़ शुक्री एका माणसाला घेऊन दारात उभे राहिले. तो कंपनीचा इंजिनियर, बहगत. चाळिशीचा, डोळे न झोपल्यासारखे, दारातून आत येताना बूट कुठे ठेवू म्हणून विचारणारा. शुक्री बुटांसकट आत आले.

त्यांचं म्हणणं असं होतं की आपल्या नंबरावरून येणारे मेसेज सेवा बंद पाडतात. ही साधी गोष्ट नाही, याला हल्ला म्हणतात. आपल्याला हे कुणी शिकवलं? अब्लांना आधी वाटलं थट्टा चाललीय. मग कळलं की नाही.

“मला लिहायला माझ्या वडिलांनी शिकवलं,” त्या म्हणाल्या. “ते वारले. त्यांना बोलावणार का?”

शुक्री हसले नाहीत. ते म्हणाले, कंपनीवर दंड बसतोय, एक बाई लिफ्टमध्ये मरता मरता वाचली. तेव्हा पहिल्यांदा मी अब्लांचा चेहरा पडलेला पाहिला. त्यांनी बहगतकडे वळून हळूच विचारलं, माझ्यामुळे? बहगत दाराशी काढलेले बूट घालायला वाकला.

ते गेल्यावर अब्ला पाच मजले चढून उम्म वहीदकडे गेल्या. लिफ्ट सुरू होती तरी चढून. आत काय बोलणं झालं ते मला उम्म वहीदनं पुढे सांगितलं. अब्ला म्हणाल्या, मी लिहिलं म्हणून तू अडकलीस असं ते म्हणतात. मला ठाऊक नव्हतं. तुला त्रास झाला याचं वाईट वाटतं, पण लिहिल्याचं वाईट वाटत नाही, आणि ही दोन्ही वाक्यं मी खोटं न बोलता म्हणते आहे. उम्म वहीदनं त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

आठवड्याभरात ठाण्याचं बोलावणं आलं. सेवा जाणूनबुजून बंद पाडल्याची तक्रार. मी सोबत गेलो. उम्म वहीद आधीच तिथे होती; कंपनीनं तिला साक्षीला आणलं होतं. शुक्रींनी तिच्यासाठी गाडी पाठवली होती आणि ती त्या गाडीला शोभेल असा झगा घालून आली होती.

अधिकारी तरुण होता, पण केस अकाली पिकलेले. आमच्याकडे पोलिसातल्या साहेबांना बाशा म्हणतात. त्याला या भानगडीत काडीचा रस नव्हता. त्यानं अब्लांना खुर्ची दिली आणि म्हणाला, कंपनीची माणसं भली आहेत, एका कागदावर सही करा की मिटलं. कागदावर लिहिलं होतं, ‘यापुढे मी सेवेकडे पाठवायच्या मजकुरात अनावश्यक खुणा वापरणार नाही, आणि झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे.’

अब्लांनी कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

“अनावश्यक कुठल्या?” त्यांनी विचारलं.

शुक्री म्हणाले, “अब्ला, आज कोण लिहितं असं? सगळे साधं लिहितात.”

“मीही साधं लिहिलं होतं. तुमच्या यंत्रानं कबुतरांवर नोटीस काढली. मग त्यानंच मला सांगितलं, स्पष्ट लिहा. बाशा, ते उत्तर माझ्या मोबाईलमध्ये आहे, वाचून पाहा. मी त्याची आज्ञा पाळली. पाळली म्हणून मी इथे बसले आहे.”

अधिकाऱ्यानं मोबाईल घेतला. उत्तर वाचलं. त्याच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मग तो लांबलचक मेसेज त्यानं वर-खाली सरकवून पाहिला आणि शुक्रींना विचारलं, यात हल्ला कुठे आहे? शुक्रींनी बहगतकडे बोट केलं, तांत्रिक बाब आहे, हे सांगतील.

बहगत उठून उभा राहिला. तो तोंड उघडणार एवढ्यात अब्ला म्हणाल्या, “थांब, पोरा. आधी मोठ्यानं वाच. मी लिहिलेलं.”

तो गोंधळला. अधिकाऱ्यानं मोबाईल त्याच्या हातात दिला. बहगत वाचू लागला. सुरुवातीला पुटपुटत, मग आवाज नीट लागला. शद्दा आली तिथे अक्षरावर बरोबर वजन देत तो सबंध मजकूर वाचून गेला. पाईप, ओल, प्लास्टर, कबुतरांचा खुलासा, विनंती. एकदाही अडखळला नाही. ठाण्यातले दोन शिपाई दारात येऊन ऐकत उभे राहिले. शेवटची विनंती इतकी सुरेख होती की त्यातल्या एकाच्या तोंडून ‘अल्लाह’ अशी दाद गेली.

“तुला वाचता आलं?” अब्लांनी विचारलं.

“आलं.”

“कुठे अडलं?”

“नाही.”

“मग त्याचं का अडतं? हे यांना सांग.”

बहगतनं शुक्रींकडे पाहिलं. ते मान हलवत होते, नको म्हणून. मग बहगतनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि बोलायला लागला. बोलला ते मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल.

यंत्र मजकूर वाचण्याआधी तो झाडूनपुसून घेतला जातो, त्यातल्या खुणा काढल्या जातात. हे झाडायचं काम करणारा एक छोटा भाग आहे. तो कंपनीनं बनवलेला नाही. जगात कुणीकुणी फुकट बनवून ठेवलेला, पुष्कळजण वापरतात तो. त्या भागात खोट आहे. एका अक्षरावर दोन खुणा आल्या की ही जोडी आधी धरू की ती, असं तो दोन्ही वाटांनी जाऊन पाहतो. पुढच्या जोडीला पुन्हा दोन वाटा, त्या प्रत्येकीला पुन्हा दोन. शेवटी जमलं नाही की मागे फिरून उरलेल्या सगळ्या वाटा. दहा जोड्यांना हजार वाटा, तीस जोड्यांना अब्जावर. अब्लांच्या मेसेजात त्याहून जास्त आहेत. म्हणून ते यंत्र त्या एका मेसेजात फिरत राहतं, मरेपर्यंत. आणि हे काम एक नाही, अशी बरीच यंत्रं मिळून करतात; एक मेलं की तो मेसेज आपोआप दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. सगळी एकेक करून पडतात. फोनही त्यांच्याच हातात, म्हणून फोनही पडतो.

“म्हणजे या बाईंनी काय केलं?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“शुद्ध लिहिलं,” बहगत म्हणाला. “हे आज ना उद्या होणारच होतं. कुणी वाईट हेतूनं केलं असतं तर आम्ही महिनाभर बंद राहिलो असतो. मी या खोटीबद्दल आधी सांगितलं होतं. मला सांगण्यात आलं, खुणा देऊन कोण लिहितं, नंतर बघू.”

शुक्री म्हणाले की हा थकलाय, काय बोलतोय त्याला कळत नाही. आणि साक्षीदाराला विचारा, म्हणून त्यांनी उम्म वहीदकडे हात केला.

उम्म वहीद इतका वेळ पर्स मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली, “हो, मी लिफ्टमध्ये अडकले. श्वास कोंडला होता. पण बाशा, गाबिर होता तेव्हा मी दोनदा अडकले होते. दोन्ही वेळा त्या म्हाताऱ्यानं शिव्या देत का होईना, येऊन दार उघडलं. या बाईनं मला अडकवलं नाही. फोन उचलणारा माणूस ज्यानं काढला त्यानं अडकवलं. ते गृहस्थ अत्तर लावून इथे बसलेत.” मग अब्लांकडे न बघता पुढे म्हणाली, “आणि कबुतरांचं आमचं आम्ही बघून घेऊ.”

अधिकाऱ्यानं कागद परत सरकवला आणि थकल्या आवाजात म्हणाला, अब्ला, तुमचं खरं आहे, पण तक्रार नोंदलेली आहे. सही केलीत तर आजच संपेल, नाहीतर पुढे जाईल, हेलपाटे पडतील. मीसुद्धा त्यांच्या कानाशी लागलो, करून टाका, काय जातं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग अधिकाऱ्याला म्हणाल्या, “मी हजारो मुलींच्या वह्यांत खुणा नाहीत म्हणून गुण कापलेत. आज सही केली तर त्या सगळ्यांचे गुण परत द्यावे लागतील. मला तेवढं आयुष्य नाही. पाठवा पुढे.”

आणि त्या उठल्या.

परतताना आम्ही तिघं एकाच टॅक्सीत. कंपनीची गाडी उम्म वहीदसाठी थांबली नव्हती. नदीच्या पुलावर ती अब्लांना म्हणाली की तुझ्या न्हाणीघरातलं पाणी माझ्या मुलाला दाखव, तो निदान बादली तरी लावेल. एवढ्यावर दोघींचा समेट झाला.

पण वहीद बादलीवर थांबणारा नव्हता. कबुतरांच्या नोटिशीनं तो आधीच पेटला होता. आईकडून ठाण्यातलं ऐकल्यावर त्याच्या डोक्यात आलं की अब्लांचा तो मेसेज आपण दहा मित्रांच्या मोबाईलवरून रोज पाठवू, बघू कंपनी किती दिवस टिकते. तो मेसेज मागायला आला तेव्हा मी अब्लांकडेच होतो. मला तर कल्पना आवडली होती.

अब्लांनी त्याला सरळ नाही म्हटलं. वहीद चिडला, तुम्हीच ना म्हणालात तुमचा गुन्हा नाही म्हणून? अब्ला म्हणाल्या, “मी दार वाजवलं आणि दार पडलं, तो माझा गुन्हा नाही. पण ते वाजवलं की पडतं हे आता मला ठाऊक आहे. आता मुद्दाम वाजवायला गेले आणि आत तुझी आई लिफ्टमध्ये असली, तर तो गुन्हाच. मी खुणा सोडणार नाही आणि दारही पाडणार नाही. मला तिसरी वाट आहे.”

तिसरी वाट सकाळी दिसली. गाबिरच्या बंद खोलीसमोर अब्ला खुर्ची टाकून बसल्या. खुर्ची माझ्या कारखान्यातली, पाठीची वेल मनासारखी उतरली नाही म्हणून मी विकली नव्हती. ज्याला यंत्राशी बोलता येत नाही किंवा ज्याचं यंत्राला कळत नाही, त्यानं मला सांगा, असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. पहिल्या दिवशी दोन म्हाताऱ्या आल्या. पुढे अर्धी वसाहत यायला लागली, काही तर नुसते चहा प्यायला. दुपारी अब्ला उठायच्या, सरळ शुक्रींच्या कार्यालयात जायच्या आणि सगळ्या तक्रारी उभ्यानं, त्या होडीवाल्या आवाजात, एकेक स्वर सुटा करत म्हणून दाखवायच्या. न्हाणीघराची सगळ्यात शेवटी. शुक्रींनी दार लावून घेतलं तर दाराबाहेरून. तो आवाज मी सांगितलाच.

शुक्रींनी कमिटीकडे तक्रार केली, बाई त्रास देतात. कमिटीनं विचारलं, त्रास म्हणजे काय देतात? ते म्हणाले, तक्रारी देतात. कमिटीत उम्म वहीदचा दीर होता. तो इतका हसला की सभा थांबवावी लागली. रमजान सुरू व्हायच्या आत गाबिर आपल्या खोलीत परत आला. पहिल्याच दिवशी त्यानं नळवाल्याला कॉलर धरून अब्लांच्या वरच्या मजल्यावर पाठवलं आणि खाली उभं राहून शिव्या घातल्या. छत कोरडं झालं.

यंत्रही राहिलं. ते वाईट नव्हतं, आता एकटं नव्हतं इतकंच. बहगतनं त्यातला झाडणारा भाग बदलला. त्याला एक सकाळ पुरली, असं तो म्हणाला. आणि तो बदलून झाल्यावर शुक्रींनी त्याला कामावरून काढलं. ठाण्यात बोलल्याबद्दल म्हणून नाही अर्थात, कारण दुसरंच काही दाखवलं. अब्लांना हे कळलं तेव्हा त्या शुक्रींकडे भांडायला निघाल्या होत्या. बहगतनं हात जोडून त्यांना अडवलं. त्याला लवकरच मन्सूरा शहरात काम मिळालं, पण मधले आठवडे त्याच्या घरी कसे गेले असतील ते त्यालाच ठाऊक. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

कंपनीनं तक्रार मागे घेतली, ‘गैरसमजातून’ दिली होती म्हणून. ते सांगायला अधिकाऱ्यानं अब्लांना बोलावलं, चहा मागवला. अब्ला म्हणाल्या, गैरसमज कुणाचाच झाला नव्हता, त्यांना खोट ठाऊक होती, मला माझी भाषा ठाऊक होती, तसं लिहा. अधिकारी म्हणाला, तसं लिहायला कागदावर जागा नाही. मग हा चहा पण राहू द्या, असं म्हणून बाई तशाच उठून आल्या. मी माझा चहा पिऊन टाकला होता.

उन्हाळ्यात एकदा बहगत मशब्बकचा, म्हणजे आमच्याकडच्या जिलबीचा, पुडा घेऊन आला. तो खुशीत होता. त्या फुकट मिळणाऱ्या भागाची देखभाल करणाऱ्या लोकांना त्यानं खोट कळवली होती, त्यांनी ती दुरुस्त केली आणि जगभरच्या वापरणाऱ्यांसाठी इशारा प्रसिद्ध केला. त्यानं तो अब्लांना अरबीत करून वाचून दाखवला, ‘दुष्ट हेतूनं रचलेल्या मजकुरामुळे सेवा बंद पाडली जाऊ शकते.’

अब्लांनी हातातली मशब्बक खाली ठेवली. “दुष्ट हेतू कुणाचा?”

बहगत म्हणाला, तसं नाही, तशी लिहायची पद्धत आहे. सगळे इशारे असेच असतात.

“पद्धत असेल. पण या जागी मी आहे ना? मग मी दुष्ट झाले. लिही त्यांना.”

त्यानं तिथेच बसून लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं, की हा ठरलेला शब्दप्रयोग आहे, कुणा व्यक्तीला उद्देशून नाही. अब्लांनी दुसरं पत्र स्वतः सांगितलं, बहगतनं त्यांच्या भाषेत उतरवलं. त्यात एवढंच होतं की मी एक निवृत्त शिक्षिका आहे. माझं न्हाणीघर गळत होतं. मी माझी भाषा पहिलीच्या मुलाला शिकवतात तशी पूर्ण लिहिली. त्यात दुष्ट काय ते दाखवा, नाहीतर शब्द बदला. खाली सही, नावावर सगळ्या खुणा.

बरेच दिवस काही आलं नाही. बहगतही म्हणाला, सोडून द्या. मग एका शुक्रवारी तो दुपारच्या नमाजानंतर आला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागला, ‘सर्व स्वरखुणांसह लिहिलेल्या साध्या, शुद्ध अरबी मजकुरामुळेही सेवा बंद पडू शकते.’ अब्लांनी त्याला परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “ठीक.” त्यांच्या तोंडून ‘ठीक’ निघायला माझ्या थोरलीला सहा महिने लागले होते.

अलीकडे शुक्रींच्या कार्यालयातून एक मुलगी आली होती. यंत्राची नवी आवृत्ती येतेय, अब्लांनी आपले मेसेज पाठवून ती एकदा तपासून द्यावी, अशी विनंती घेऊन. अब्लांनी तिला बसवलं, फेतीर नावाची तुपातली पापुद्र्याची रोटी खायला घातली आणि सांगितलं, “तुझ्या साहेबांना म्हणावं, परीक्षक बाहेरून आणायचा तर त्याला बोलावणं पाठवावं लागतं. लेखी. आणि खुणा देऊन.”

ते बोलावणं अजून आलेलं नाही.